१९०४ साली मुंबईत जहाज बांधायचं तर काय काय आणावं लागलं असतं?

कुरवंड्याला पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारतो, "इथं डोंगरावर नेव्हीचं काय काम?" लोणावळ्याहून भुशी धरणाच्या बाजूनं वर आलं की आयएनएस शिवाजीची हद्द लागते, मग गाव, आणि गावापलीकडे एकदम कडा. समुद्र कुठंच नाही.

उत्तर तसं सोपं आहे. ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ ला सुरू झाली ती नौदलातल्या यंत्रांचं शिक्षण देण्यासाठी. बॉयलर, टर्बाइन, पंप, इंजिन. ही विद्या शिकायला लाटा लागत नाहीत, वर्कशॉप लागतं. आता सव्वाशे वर्षं मागे जा. १८१७ साली जहाजाची विद्या शिकायला कुणी सह्याद्रीच्या माथ्यावर आलं असतं का? शक्यच नाही. ती विद्या गोदीत होती, सागाच्या ओंडक्याशेजारी, बापाकडून मुलाकडे जाणारी. म्हणजे मधल्या काळात जहाज कुठं बांधलं जातं एवढंच बदललं नाही, जहाज म्हणजे काय हेच बदललं. हा बदल पुरा झाला तो साधारण १९०० ते १९१४ या वर्षांत. माझं पीएचडीचं काम याच वर्षांभोवती फिरतं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे एक शीर्षक. पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेले बरेच जण मला विषय पाठवतात आणि त्यात एक विषय फिरून फिरून येतो: 'मुंबईतील जहाजबांधणी उद्योगाचा ऱ्हास : एक अभ्यास'. विषय चांगला आहे. 'ऱ्हास' या शब्दानं मात्र घोटाळा होतो, कारण तुम्ही उत्तर आधीच शीर्षकात लिहून टाकलेलं असतं. पुढची तीनशे पानं मग दोषी कोण ते ठरवण्यात जातात.

दोन बाजू तयारच असतात. एक म्हणते, इंग्रजांनी धंदा बुडवला. यात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या जहाजवाल्यांनी हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांविरुद्ध ओरड केली आणि हिंदी खलाशांना 'ब्रिटिश खलाशी' न मानणारे कायदे झाले. राधाकुमुद मुखर्जींचं हिंदी नौकानयनावरचं पुस्तक १९१२ साली आलं, स्वदेशीच्या वातावरणात, आणि तेव्हापासून ही मांडणी पक्की बसली. दुसरी बाजू म्हणते, लाकूड गेलं, लोखंड आलं, आपण मागे पडलो; त्यात कुणाचा काय दोष? यातही तथ्य आहे. आणि दोन्हींमध्ये खोट अशी की दोन्हींना पुरावा सहज सापडतो. ज्या प्रश्नाला कुठलाही पुरावा चालतो, तो संशोधनाच्या कामाचा नसतो.

म्हणून मी प्रश्न बदलतो. १९०४ साली मुंबईत एक मोठं जहाज बांधायचं ठरलं असतं, तर काय काय बाहेरून आणावं लागलं असतं?

१९०४ का? त्या वर्षी रॉयल इंडियन मरीनसाठी, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या स्वतःच्या जहाजखात्यासाठी, 'डफरिन' हे सैन्य वाहून नेणारं जहाज बांधलं गेलं. बांधलं कुठं? इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर बॅरो इथं, व्हिकर्स कंपनीच्या कारखान्यात. गिऱ्हाईक हिंदुस्थान सरकार, काम हिंदी समुद्रातलं, मुक्काम मुंबई, आणि बांधणी बॅरोला.

आधी तुलनेसाठी जुनं जहाज घेऊ. 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट वाडिया मंडळींनी मुंबईच्या सरकारी गोदीत बांधली, १८१६ ला सुरुवात आणि ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात. ती आजही तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. हिचं साहित्य बघा. लाकूड मलबारचा साग, समुद्रमार्गे येणारा. कारागीर इथलेच. नकाशे मात्र लंडनहून आलेले, आणि त्यांचा पहिला संच घेऊन येणारं 'जावा' हे जहाज १८१२ मध्ये लढाईत बुडाल्यामुळे दुसरा संच मागवावा लागला. म्हणजे त्या सुवर्णकाळातही आराखडा आणि ऑर्डर तिकडची होती, हे 'ऱ्हास' लिहिणारे सहसा सांगत नाहीत. पण जहाजाचा मुख्य ऐवज म्हणजे लाकडी सांगाडा, आणि तो मुंबईतच उभा राहिला.

पुढची पायरी १८२९ ची. 'ह्यू लिंडसे' ही वाफेवर चालणारी बोट मुंबईत बांधली गेली, नवरोजी जमशेटजी वाडियांच्या हातून. १८३० च्या मार्चमध्ये निघून ती तांबड्या समुद्रातून सुएझला पोचली. सांगाडा मुंबईचा, इंजिनं लंडनच्या मॉडस्ले कारखान्याची. यादीत बाहेरची वस्तू मोठी, पण एकच. आणि मुंबईला यंत्र कळत नव्हतं असंही नाही. अर्देशिर कर्सेटजी वाडिया १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि मुंबईच्या वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंताही.

आता १९०४ ची यादी. पोलादी पत्रे, वेगवेगळ्या जाडीचे. सांगाड्याच्या बरगड्यांसाठी वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. रिव्हेट, आणि तेही हजारांत नव्हे, लाखांत (टायटॅनिकला सुमारे ३० लाख लागले म्हणतात). मोठे बॉयलर. तिहेरी प्रसरणाचं इंजिन, ज्यात तीच वाफ एकापाठोपाठ एक मोठ्या होत जाणाऱ्या तीन सिलिंडरांतून काम करत जाते आणि त्यामुळे कोळसा वाचतो. पंख्याचा दांडा, जो ओतायला आणि घडवायला प्रचंड घण लागतो. वीज निर्माण करणारे डायनॅमो. शीतगृहाची यंत्रं. युद्धनौका असेल तर वर चिलखती पत्रे आणि तोफांचे मनोरे, जे ब्रिटनमध्येही मोजक्याच कंपन्या बनवत.

यातलं मुंबईत काय मिळत होतं? हिंदुस्थानात टाटांच्या कारखान्यात पोलाद तयार व्हायला लागलं तेच १९१२ साली, जमशेटपूरला. त्यामुळे उत्तर जवळपास शून्य. बॅरो, क्लाइड किंवा टाइन नदीकाठच्या बांधणीवाल्याला हे सगळं थोड्याफार मैलांच्या आत मिळत होतं. त्याचं स्वतःचं काम म्हणजे जुळवणी. मोठ्या हॉलच्या जमिनीवर जहाजाच्या रेषा खऱ्या मापात आखायच्या, त्यावरून पत्रे कापायचे, वाकवायचे, भोकं पाडायची आणि ठोकायचे. रिव्हेटची टोळी चार-पाच जणांची: एक पोरगा भट्टीत रिव्हेट लाल करणार, दुसरा झेलणार, एक मागून दाबून धरणार, दोघे समोरून ठोकणार.

'ड्रेडनॉट'चं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. ऑक्टोबर १९०५ मध्ये पोर्टस्मथला तिचा कणा घातला आणि १० फेब्रुवारी १९०६ ला ती पाण्यात उतरली. चार महिने! याचं श्रेय कामगारांच्या वेगाला दिलं जातं, पण खरी गोष्ट अशी की साहित्य आधीच साठवून ठेवलं होतं आणि तोफांचे मनोरे दुसऱ्या दोन युद्धनौकांसाठी मागवलेले होते ते वळते केले. जहाजबांधणी आता पुरवठ्याच्या वेळापत्रकाची कला झाली होती.

इथं थांबलात तर तुम्ही 'लाकूड गेलं, लोखंड आलं' या दुसऱ्या बाजूला जाऊन बसाल. पण अजून एक वस्तू यादीत आहे आणि तिला वजन नाही. ती म्हणजे ऑर्डर.

पोलाद तर आगबोटीतून आणता येत होतं. मुंबईच्या गिरण्यांची इंजिनं लँकेशायरहून यायची, रेल्वेचे पूल विलायतेहून सुट्या भागांत यायचे, ते जोडणारे हात इथलेच होते. आमच्या बोरघाटात १८६३ मध्ये रेल्वे चढली, तिच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून भुशीचं धरण झालं. वाफ, बॉयलर, फिटर हे सगळं या भागाला नवीन नव्हतं. आणि पैसा? मुंबईच्या पोर्ट ट्रस्टनं १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी आणि तिच्या शेजारी ह्यूजेस सुकी गोदी सुरू केली. ही सुकी गोदी १,००० फूट लांब, १०० फूट रुंद. ८८२ फुटी टायटॅनिक लांबीरुंदीनं तिच्यात मावली असती. इतका खर्च झाला, पण कशावर झाला ते नीट बघा: दुसरीकडे बांधलेली जहाजं ठेवायला आणि दुरुस्त करायला. माझगावची गोदीही पी अँड ओ कंपनीच्या हाती होती आणि तिचं काम दुरुस्तीचं. आपल्याकडे 'गोदी' हा एकच शब्द सगळ्याला वापरतो, त्यामुळे हा फरक नजरेतून सुटतो. दुरुस्तीची गोदी आणि बांधणीचा उतार या दोन वेगळ्या गुंतवणुकी आहेत. दुसरी तेव्हाच होते, जेव्हा या जहाजानंतर पुढचं जहाज मिळेल याची खात्री असते.

ती खात्री मुंबईला कुठून मिळणार होती? युद्धनौकांचं दार १८६३ मध्येच बंद झालं. त्या वर्षी 'इंडियन नेव्ही' हे लढाऊ दल मोडलं आणि समुद्री संरक्षण ब्रिटनच्या नौदलाकडे गेलं. मागे उरलं ते वाहतूक, सर्वेक्षण असली कामं करणारं खातं. व्यापारी जहाजांचं म्हणाल तर ब्रिटिश इंडिया कंपनी आपल्या बोटी स्कॉटलंडमध्ये डंबार्टनच्या डेनी कारखान्यासारख्या ठिकाणी बांधून घ्यायची. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात जगातल्या नव्या व्यापारी जहाजांपैकी अर्ध्याहून जास्त टनभार ब्रिटनमध्येच बांधला जात होता. कारखान्यांना सतत काम, म्हणून किंमत कमी, म्हणून आणखी काम.

आणि आपले स्वदेशीवाले? १९०६ ला तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळे यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिच्या 'गॅलिया' आणि 'लावो' या बोटी युरोपातून विकत आणलेल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांची सिंदिया कंपनी १९१९ ची. ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालेली तिची 'लॉयल्टी' म्हणजे मूळची 'एम्प्रेस ऑफ इंडिया', १८९० मध्ये पाण्यात उतरलेली, बॅरोला. ज्या कारखान्यात ती बांधली, तोच पुढे व्हिकर्सनं घेतला आणि तिथंच 'डफरिन' झाली. राज्यकर्त्यांचं जहाज आणि त्यांच्याशी टक्कर घेणाऱ्यांचं जहाज एकाच उतारावरून आलेलं. यात स्वदेशीवाल्यांना हसण्यासारखं काही नाही. बाजारात शिरायचं तर आज चालणारं जहाज आज हवं होतं. वालचंदांना विशाखापट्टणमला कारखान्याचा पाया घालायला १९४१ उजाडलं आणि तिथलं पहिलं मोठं जहाज 'जल उषा' १९४८ मध्ये उतरलं.

माझा कल आता तुमच्या लक्षात आला असेल. कसब नव्हतं म्हणून नाही, फक्त पोलाद नव्हतं म्हणूनही नाही. एकामागून एक ऑर्डर देणारं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. आणि ते का नव्हतं, याचं उत्तर राजकीय आहे. म्हणजे पहिली बाजू पुन्हा आत येते, पण आता भावनेतून नाही, यादीतून येते. व्हायव्हात हा फरक फार उपयोगी पडतो.

आकड्यांबद्दल एक इशारा, कारण इथं भले भले घसरतात. 'टन' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी येतो. युद्धनौकेचा टन म्हणजे बहुधा तिनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. व्यापारी जहाजाचा 'ग्रॉस' टन म्हणजे वजन नाहीच, ते आकारमान आहे, १०० घनफुटांना एक. आणि १८१७ चे टन तर लांबीरुंदीच्या जुन्या सूत्रानं काढलेले. 'ड्रेडनॉट' सुमारे १८,००० टन आणि १९०७ ची प्रवासी बोट 'मॉरिटानिया' सुमारे ३२,००० टन, हे दोन आकडे शेजारी ठेवून गुणोत्तर काढलंत तर गाइड ते पान फाडेल, आणि बरोबर करेल. 'ट्रिंकोमाली'चे सुमारे १,०६५ टन या दोन्हींशी जुळत नाहीत.

कोकणात तर आणखी मजा. तिथं पडाव, मचवा, बतेला यांची क्षमता खंडीत सांगायचे, आणि खंडी गावोगाव, मालागणिक वेगळी. बंदरांच्या वार्षिक आकडेवारीत ही देशी गलबतं वेगळ्या रकान्यात असतात. 'मुंबई इलाख्यातली जहाजबांधणी संपली' असं लिहिणारा माणूस बहुतेक वेळा हा रकाना वाचत नाही. कोकणातल्या खाड्यांमध्ये सुतार वाकस घेऊन १९०४ लाही गलबतं बांधतच होते. रत्नागिरी आणि ठाणे जिल्ह्यांची १८८० आणि १८८२ ची गॅझेटियर उघडा, प्रकार आणि मापं दिलेली आहेत. संपली ती मोठी, सरकारी ऑर्डरची बांधणी. हे विशेषण लावलं नाही तर शेकडो कारागीर तुमच्या प्रबंधातून नाहीसे होतात.

तेव्हा 'ऱ्हास' काढून टाका आणि काळ आवळा. १८९२ ला रॉयल इंडियन मरीन हे नाव आलं, तिथून १९१४ पर्यंत पुरे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथं मरीन डिपार्टमेंटची बाडं मागवा. वार्षिक अहवालांच्या प्रस्तावना नंतर वाचा. आधी साहित्याची मागणीपत्रं, दुरुस्तीची बिलं आणि कामगारांच्या पगाराचे कागद मिळतात का ते बघा. सगळी गोदी एकदम घेऊ नका, एकच जहाज घ्या. 'डफरिन' चालेल: १९०४ ला बॅरोहून आलेलं, १९२७ पासून मुंबईत हिंदी मुलांना व्यापारी जहाजांचं शिक्षण देणारं. मधल्या तेवीस वर्षांत तिची डागडुजी कुणी केली, कुठल्या गोदीत आणि कुठून आणलेल्या पत्र्यांनी, एवढंच शोधायला तीन वर्षं पुरणार नाहीत.