दुसरी प्रत कोठे ठेवावी? चिकित्सालय व औषधालयातील संगणकीय नोंदींचे रक्षण

चरकसंहितेच्या १२० अध्यायांपैकी ४१ अध्याय मिळेनात, तेव्हा दृढबलाचार्यांनी अन्य तंत्रांतून सामग्री वेचून ग्रंथ पूर्ण केला, हे आपण सर्व जाणतो. भेलसंहितेला असा दृढबल लाभला नाही. तिचे मुद्रण तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एका खंडित पोथीवरून झाले, आणि त्या पोथीतील त्रुटी बहुतांशी तशाच राहिल्या. एकाची सामग्री अन्यत्र उपलब्ध होती, दुसऱ्याची नव्हती.

संगणकातील नोंदींच्या रक्षणाचा विचार करताना हाच भेद प्रथम पाहावा, असे आम्हांस वाटते. खरेदीची बिले नष्ट झाली तर पुरवठादाराकडून पुन्हा मागविता येतात. साठा मोजून लिहिता येतो. परंतु दहा वर्षांपूर्वी एखाद्या रुग्णास स्नेहपान कोणत्या मात्रेत दिले, वमनानंतर कोणता उपद्रव झाला, कोणत्या कल्पाने पित्त प्रकुपित झाले, ही माहिती आपल्या रुग्णपत्रकाखेरीज जगात कोठेही नसते. जे बंधू स्वतः औषधनिर्मिती करतात त्यांच्या बॅचच्या नोंदींचेही तसेच. अशा नोंदींची प्रत रोज घेतली पाहिजे. बाकीच्यांसाठी किती दिवसांचे काम कागदावरून पुन्हा भरण्याची आपली तयारी आहे, हे ज्याने त्याने ठरवावे. औषधालयात एका दिवसाची बिले भरता येतात, महिन्याची भरणे कोणासही झेपत नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, तेव्हा त्याही दुय्यम मानून चालणार नाही.

आता साधनांविषयी. त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवर प्रत ठेवण्याची प्रथा फार आढळते. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली की दोन्ही जातात. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरताच बरा, तो हरवतोही लवकर. बाह्य हार्ड डिस्क हे लहान व्यवसायास परवडणारे उत्तम साधन होय, पण ती संगणकास सतत जोडून ठेवू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने अनेक देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या, त्यांत ब्रिटनमधील रुग्णालयेही होती. असा प्रोग्राम जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. प्रत घेतली की तार काढावी.

ती डिस्क दुकानाच्याच कपाटात ठेवणेही पुरेसे नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा पुरात संगणक आणि शेजारच्या खणातील डिस्क बरोबरच भिजतात. म्हणून दोन डिस्क घ्याव्यात, एक दुकानात व एक घरी, आणि दर आठवड्यास त्यांची अदलाबदल करावी. घर दुकानाच्याच माडीवर असेल तर दुसरी डिस्क नातलगाकडे ठेवावी!

इंटरनेटवरील साठवण सोयीची आहे आणि आम्ही ती घ्यावी याच मताचे आहोत, पण एका गैरसमजापासून सावध राहावे. फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडला म्हणजे प्रत झाली, असे नव्हे. येथे पुसलेली फाइल तेथूनही पुसली जाते. तेथील कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. दोन महिन्यांनी चूक ध्यानात आली तर उपयोग नाही. जुन्या आवृत्त्या दीर्घकाळ जपणारी सेवाच निवडावी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची फाइल ते चालू असताना नुसती उचलून नकलू नये. त्यातील बॅकअपची आज्ञाच वापरावी.

रुग्णांची माहिती ही त्यांची ठेव आहे. डिस्क पासवर्डने बंद करावी, आणि तो पासवर्ड घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावा, अन्यथा वैद्य आजारी पडले तर डिस्क असून नसल्यासारखी. सॉफ्टवेअर पुरवणारी संस्था बंद पडल्यास जुनी फाइल उघडेलच असे नाही, यास्तव वर्षातून एकदा रुग्णपत्रके पीडीएफ स्वरूपातही काढून ठेवावीत.

राहता राहिली परीक्षा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकक्षेत्रातील कंपनीत चुकून मुख्य माहितीसाठाच पुसला गेला. प्रती घेण्याच्या त्यांच्या पाच पद्धती होत्या. त्यांतील एकही नीट चालत नव्हती, हे त्या रात्री कळले. अखेर योगायोगाने काही तास आधी घेतलेली प्रत कामी आली, तरी सुमारे सहा तासांची माहिती गेलीच. दर तिमाहीस एखादी सुटीची दुपार काढावी, घरची डिस्क दुसऱ्याच संगणकास जोडावी, आणि गेल्या वर्षीच्या कोणत्याही एका रुग्णाचे पत्रक व एका दिवसाची बिले उघडून पाहावीत. त्यास किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे. दुकान पुन्हा उघडण्यास किती अवधी लागेल याचा अंदाज त्यावरूनच येतो.