दुखणे गेले, पण जोर परतला का?

लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावात पायाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. सोयाबीन, तूर, कपाशी वर आली की निंदणासाठी तासन्‌तास उकिडवे बसायचे, चिखलात डवऱ्यामागे चालायचे, गवताचा भारा डोक्यावर घेऊन बांध ओलांडायचा आणि पुढे सोंगणीला दिवसदिवस वाकायचे. ज्याचा घोटा कधीकाळी मुरगळला, गाडीवरून पडून नडगी मोडली किंवा गुडघ्याचे लिगामेंट फाटले, त्याला याच दिवसांत जुने दुखणे आठवते. घरचे म्हणतात, "त्या पायावर जोर देऊ नका, जपून राहा." सल्ला मायेचा आहे आणि दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांपुरता योग्यही आहे. तोच वर्षानुवर्षे पाळला गेला तर मात्र घात करतो. हाड जुळते, सूज उतरते, डॉक्टर 'आता चाला' म्हणतात. पण मांडी आणि पोटरीचे स्नायू आपोआप पूर्ववत होत नाहीत. जुन्या दुखापतीचा पाय पुन्हा दगा देतो तो बहुतेकदा या राहून गेलेल्या अशक्तपणामुळे, आणि त्यावर उपाय आहे मोजून-मापून वाढवलेला भार.

स्नायू किती झपाट्याने ओसरतात याची कल्पना सहसा नसते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या १२ निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवले गेले. तेवढ्यात त्यांच्या पायांतला स्नायूंचा भाग जवळपास एक किलोने घटला आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाली. त्यांना कसलीही दुखापत नव्हती, हे लक्षात घ्यावे. दुखापत झालेल्या गुडघ्यात आणखी एक अडचण येते. सांध्यात पाणी साचले की तिथल्या मज्जातंतूंकडून मज्जारज्जूला संदेश जातो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूम मंदावतो. १९८४ सालच्या एका प्रयोगात निरोगी गुडघ्यांमध्ये मिठाचे निर्जंतुक पाणी सोडून पाहिले, तेव्हा अवघ्या २०-३० मिलिलिटरला वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडू लागला. म्हणजे रुग्ण आळस करतो म्हणून मांडी वाळत नाही. शरीरच तिचा वापर रोखते. सूज गेल्यावरही हा अडसर रेंगाळतो आणि माणूस नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकायला शिकतो.

इथे पहिला आक्षेप येतो. शेतकरी दिवसभर राबतो, त्याला वेगळ्या व्यायामाची गरज काय? राबण्याने दम टिकतो, काटकपणा येतो, हे खरेच आहे. परंतु काम पूर्ण करणे हे शेतातले उद्दिष्ट असते आणि ते कोणत्या पायाने झाले हे पीक विचारत नाही. उठताना हात चांगल्या गुडघ्यावर टेकतो, बांध चढताना तोच पाय आधी वर जातो, उभे राहतानाही वजन त्याच बाजूला झुकते. त्यामुळे कष्टाने सबळ पाय आणखी सबळ होतो आणि दुबळा मागेच राहतो. दुसरे म्हणजे हलक्या श्रमाच्या हजारो आवर्तनांनी ताकद फारशी वाढत नाही. वैद्यकशास्त्राला हे उमगायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये मांडीचे हाड मोडलेले आणि गुडघे दुखावलेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असत; त्यांच्याकडून हलके व्यायाम भरपूर वेळा करून घ्यायची रीत होती. थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टरने ती उलटवली. लहानपणी संधिवाताच्या तापातून उठल्यावर त्याने स्वतः वजने उचलून ताकद कमावली होती. सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधून, जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढे वजन त्याने द्यायला सुरुवात केली आणि जमेल तसे ते वाढवत नेले. १९४५ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्यासोबत तिला सुटसुटीत रूप दिले: दहा-दहाचे तीन फेरे, पहिला अर्ध्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आजची फिजिओथेरपी याच पायावर उभी आहे.

भार वाढवायचा तर किती आणि कधी, याचे उत्तर पंचांगापेक्षा पायाकडून घेतलेले बरे. खेळाडूंचे उदाहरण पाहा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातून पुढे आलेला स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे याने २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पुढच्या वर्षी जुलैत मोनॅको इथल्या शर्यतीत त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. अशा खेळाडूने मैदानात केव्हा परतावे, यावर २०१६ साली नॉर्वेच्या संशोधकांनी १०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पार न करता जोखमीच्या खेळात परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के लोकांचा गुडघा पुन्हा दुखावला. चाचण्या पार करून परतलेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने पुढे ढकलले, तितका धोका दर महिन्यागणिक निम्म्याने घटत गेला. त्या चाचण्यांमध्ये दुखऱ्या पायाला चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के जोर असावा लागे. खेळाडूंचे आकडे शेतकऱ्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण मापाची पद्धत लागू होते. भिंतीला बोट टेकवून एका पायावर उभे राहावे आणि टाच किती वेळा पूर्ण उचलता येते ते मोजावे. मग दुसऱ्या पायाने. तसेच खुर्चीवरून एकेका पायाने उठून पाहावे. फरक मोठा असेल, तर दुखणे गेले असले तरी काम उरले आहे.

त्या कामाला जिम लागत नाही. दिवाण किंवा उंच खुर्चीवरून उठबस, पायरीवर दुबळा पाय ठेवून चढणे-उतरणे, टाचा उचलणे, उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, एवढ्यात मांडी, पोटरी आणि नितंब तिन्ही येतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येकाच्या आठ ते बारा आवर्तनांचे दोन-तीन फेरे पुरतात. शेवटची दोन-तीन आवर्तने जड गेली पाहिजेत. सहज गेली तर भार कमी आहे असे समजावे. खाली बसताना तीन आकडे मोजत सावकाश बसावे. सलग दोन वेळा सगळे आरामात जमले की एकच गोष्ट वाढवावी: बसायची उंची थोडी कमी करावी, दुबळ्या पायावर अधिक भार घ्यावा किंवा पाठीवरच्या पिशवीत दोन किलो धान्य टाकावे. गुडघा जितका वाकतो तितका वाटीमागचा दाब वाढतो, म्हणून उकिडवे बसणे अगदी शेवटी. आखाड्यातल्या शेकडो बैठका पाहून पहिल्याच दिवशी तसे करू जाणाऱ्याचा गुडघा सुजतो. पैलवानाने ती सवय वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दुखत असताना व्यायाम केला तर झीज वाढणार नाही का? प्रौढ माणसाच्या सांध्यातल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. भार पडला आणि सुटला की आतला द्रव हलतो, त्यावरच तिचे पोषण होते. म्हणून बेताचा भार तिला हवाच असतो. गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांनाही जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यायाम हा पहिला उपचार म्हणून सांगितला जातो, आणि डेन्मार्कमध्ये २०१३ पासून त्यासाठी देशव्यापी कार्यक्रम चालतो. वेदनेकडे मात्र दुर्लक्ष करू नये, तिला माप म्हणून वापरावे. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरले तर व्यायामात तीन-चारपर्यंतचे दुखणे चालते. अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला, ताठलेला किंवा दुखरा नसावा. तसा असेल तर मागच्या टप्प्यावर यावे. थांबून राहू नये आणि रेटूही नये. काही लक्षणांत मात्र आधी डॉक्टरच गाठावा: गुडघा मध्येच अडकतो किंवा निसटतो, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येतो, तापासह सांधा लाल होतो, पोटरी एकाएकी सुजून दुखते, किंवा मोडलेल्या जागी वजन दिल्यावर कळ उठते. आत पट्टी किंवा सळई असेल, तर सुरुवातीला अस्थिरोगतज्ज्ञाची परवानगी आणि फिजिओथेरपिस्टची एखादी भेट घेणे शहाणपणाचे.

'आता या वयात काय?' हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि पुराव्यापुढे सर्वांत कमी टिकतो. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे जड वजनांनी पायांचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जातंतू पुन्हा जागे झाल्याने येते, स्नायू भरायला अधिक वेळ लागतो. स्नायूंना प्रथिनेही लागतात. ज्या भागात तूर आणि हरभरा पिकतो तिथे जेवणात पातळ वरणाऐवजी घट्ट डाळ, उसळ आणि चालत असेल तर अंडे येणे अवघड नाही.

उरतो प्रश्न वेळेचा, आणि इथे कोरडवाहू शेतीचे वेळापत्रक मदतीला येते. हरभरा निघाल्यापासून मृगापर्यंत साधारण तीन महिने रानातली कामे विरळ असतात. ताकदीत ठळक फरक पडायला साधारण तेवढाच काळ लागतो. शेतीची अवजारे आपण त्याच काळात दुरुस्त करून ठेवतो. जुन्या दुखापतीचा पायही त्याच यादीत धरावा: मार्चमध्ये दोन्ही पायांची ताकद मोजून घ्यावी, आठवड्यातले तीन दिवस अर्धा तास द्यावा आणि निंदण सुरू होण्याआधी पुन्हा मोजून पाहावे. दोन्ही पायांतला फरक मिटत आला असेल, तर त्या पायाला जपण्याची गरज उरत नाही; नसेल, तर यंदा कोणते काम अंगावर घ्यायचे आणि कोणते दुसऱ्याकडे द्यायचे, हे भीतीवर न सोडता मापावर ठरवता येते.