डिप्लोमानंतर थेट दुसरं वर्ष : गणित, झोप आणि जेवण

पॉलिटेक्निकचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात आणि मुलं लगेच ‘डायरेक्ट सेकंड इयर’च्या फॉर्मला लागतात. डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सीईटी लागत नाही. राखीव प्रवर्गाला पात्रतेपुरते ४० टक्के चालतात. पण पुण्याचं १८५४ सालचं सीओईपी किंवा मुंबईचं १८८७ सालचं व्हीजेटीआय हवं असेल, तर तेवढ्यावर भागत नाही. आणि भरपूर गुण मिळवून तिथं पोचलेलं लेकरूसुद्धा दिवाळीच्या आत “मला जमत नाही” म्हणू लागतं, जेवण टाळतं, रात्र रात्र जागतं. म्हणून हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला.

पोराची बुद्धी कमी पडली असं घरचेच समजून बसतात. ते खरं नाही. ही मुलं पहिलं वर्ष न करता येतात. बाकीच्या वर्गानं अकरावी, बारावी आणि पहिल्या वर्षात गणित घोटलेलं असतं. डिप्लोमात जास्त वेळ वर्कशॉप आणि प्रॅक्टिकलला गेलेला असतो. दुसऱ्या वर्षी लाप्लास ट्रान्सफॉर्म समोर येतो, तो इंटिग्रेशनवर उभा. म्हणून प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतानाच रोज दोन तास डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन करायला घ्यावं. बारावीची पुस्तकं गल्लीतल्या कुणाकडून मागून आणा. नुसतं व्हिडिओ बघून गणित येत नाही, वही भरावी लागते. मशीनवर आणि वायरिंगवर मात्र आपल्या मुलांचा हात आधीच बसलेला असतो, त्याचा धीर धरावा.

जात पडताळणीचं काम आधीच उरका. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यात महिने जातात. फेऱ्यांच्या ऐन दिवसांत ही धावपळ नको.

आता शरीराचं. दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. सात तास झोप हवीच. एका खोलीत पाच माणसं असली की ते अवघड, आम्हाला ठाऊक आहे. तरी दहाला टीव्ही बंद करता येतो, आणि विहारात अभ्यासिका असेल तर संध्याकाळ तिथं घालवता येते.

मुलगी सारखी थकते, पुस्तक उघडलं की पेंगते, तर तिला आळशी म्हणू नका. हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहासोबत नाही. वसतिगृहात नंबर लागला नाही, तर स्वाधार योजनेचा अर्ज भरा. राहण्या-जेवणासाठी त्यातून पैसे मिळतात, वडापाववर दिवस काढायची वेळ येत नाही.

पहिल्या चाचणीत गुण कमी पडतात. त्यात कुणी “कोट्यातून आलास का?” असं टोचतं. पोरं हे घरी सांगत नाहीत, आईबापानं कर्ज काढलेलं असतं ना! म्हणून मार्क विचारण्याआधी “जेवलास का, झोपलास का” हे विचारा. मूल बोलेनासं झालं, मरणाच्या गोष्टी करू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. फोन आईनं किंवा भावानं केला तरी चालतो.