नाशिकचे खेळाडू : पायात, हातात आणि डोक्यात दम

नाशिक म्हटलं की द्राक्षं आणि कुंभमेळा! पण मंडळी, ही तीन नावं विसरू नका.

🏃‍♀️ कविता राऊत : त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची ‘सावरपाडा एक्स्प्रेस’. प्रशिक्षक विजेंदर सिंग. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य. 400 मीटरच्या ट्रॅकवर तब्बल 25 फेऱ्या, आणि सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाहून कमी फरकाने! पहिली आली आपलीच प्रीजा श्रीधरन. पुढे 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कविता मॅरेथॉन धावली.

🚣 दत्तू भोकनळ : चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, म्हणजे पाण्याची कायमची ओढाताण. तिथला हा गडी सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि 2016 ला थेट रिओत पोहोचला. एकेरी नौकानयनात 13 वा! 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण. आदल्याच दिवशी एकेरीचं पदक हातचं गेलं होतं, तरी पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी वल्ही घेऊन हजर.

♟️ विदित गुजराथी : नाशिकचा ग्रँडमास्टर. 2024 च्या टोरांटोतल्या कँडिडेट्स स्पर्धेत त्याने हिकारू नाकामुराला एकदा नव्हे, दोनदा हरवलं. त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिम्पियाड सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता.

संजीवनी जाधव, मोनिका आथरे या धावपटूंवर स्वतंत्र पोस्ट लवकरच.

#नाशिककर #खेळाडू