खेळाची पत्रिका व यंत्राची पत्रिका

लग्न जुळवितांना दोन पत्रिका पुढ्यांत घेऊन गुण मोजण्याची चाल जुनी आहे. छत्तीसांपैकीं अठरा जमले म्हणजे निभावतें. संगणकावर एखादा खेळ घेण्यापूर्वींहि दोन पत्रिका पाहाव्या लागतात. एक खेळाची, दुसरी यंत्राची. परंतु येथें बेरजेचा हिशेब चालत नाहीं. एका कलमांतील उणीव दुसऱ्या कलमांतील विपुलतेनें भरून निघत नाहीं.

उदाहरणार्थ, 'द विटनेस' हा कोड्यांचा खेळ घ्यावा. अमेरिकेंतील जोनाथन ब्लो यांच्या लहानशा स्वतंत्र संस्थेनें तो २०१६ सालीं प्रसिद्ध केला. निर्जन बेटावर एकट्यानें हिंडत, फलकांवर रेषा ओढून पांचशेंहून अधिक कोडीं सोडवावयाचीं, असा हा खेळ. यांत लढाई नाहीं, धांवपळ नाहीं. तेव्हां तो कसल्याहि जुन्या यंत्रावर चालेल, असा समज सहज होतो. तो खरा नव्हे. खेळणाऱ्याच्या बुद्धीस विसांवा असला, तरी यंत्रास तो नसतो. बेटावरील झाडें, सांवल्या व पाण्यांतील प्रतिबिंबें पावलागणिक नव्यानें रेखाटावीं लागतात.

या खेळाच्या किमान अपेक्षा अशा: १.८ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, डिस्कवर ५ जीबी जागा आणि इंटेल एचडी ४००० प्रतीचें ग्राफिक्स. यंत्राची पत्रिका काढणेंहि सोपें आहे. विंडोजची कळ व 'आर' एकदम दाबून येणाऱ्या चौकटींत 'डीएक्सडायग' हा शब्द इंग्रजी अक्षरांनीं लिहावा. पहिल्या पानावर प्रोसेसर व रॅम, तर 'डिस्प्ले'च्या पानावर ग्राफिक्सचें नांव दिसतें.

पहिलीं तीन कलमें बहुधा जमतात. घोडें अडतें तें चौथ्यापाशीं. घरगुती लॅपटॉपांत पुष्कळदां निराळें ग्राफिक्स कार्ड नसतें. चित्रें काढण्याचें काम प्रोसेसरमधीलच एक भाग करतो आणि त्यासाठीं सामायिक रॅममधूनच वांटा घेतो. तो भाग जुना असेल, तर १६ जीबी रॅम असूनहि चित्र अडखळेल.

अशा वेळीं नवें यंत्र घेण्याची घाई करूं नये. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या चित्रांत एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. १२८० गुणिले ७२० च्या चित्रांत ९,२१,६००. म्हणजे खेळाच्या सेटिंगांत एवढा एक बदल केल्यानें काम निम्म्याहून कमी होतें. मात्र या खेळांतील कांहीं कोडीं रंगांच्या छटांवर, तर कांहीं आवाजांवर आधारलेलीं आहेत. म्हणून पडदा निस्तेज नाहीं ना व ध्वनि नीट ऐकूं येतो ना, हेंहि पाहावें. पत्रिकेंत तें लिहिलेलें नसतें.

पत्रिका जुनी होते, हेंहि ध्यानांत ठेवावें. खेळाच्या कागदावर विंडोज ७ चालेल असें असलें, तरी तो विकणाऱ्या स्टीम या दुकानानें १ जानेवारी २०२४ पासून त्या प्रणालीचा पाठिंबा काढून घेतला आहे.

इतकें पाहूनहि शंका उरली, तर स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आंत व दोन तासांहून कमी खेळलें असतां पैसे परत मागतां येतात. ते दोन तास कोड्यांत रमण्याचे नव्हेत, परीक्षेचे आहेत. म्हणून बेटावर उतरतांच प्रथम मोकळ्यावर व झाडींत हिंडून चित्र अडखळतें कां, तें पाहावें. कोडीं कोठें पळून जात नाहींत.