ऐंशी रकान्यांचं कार्ड

आपल्याकडच्या संगणकाचा इतिहास सांगायला बसलेला माणूस दोन मिनिटांत इन्फोसिसवर येतो. १९८१ साल, पुणे, सुधा मूर्तींनी बाजूला टाकलेले दहा हजार रुपये. गोष्ट खरी आहे आणि सांगायला सोपीही. पण त्याच्या पाव शतक आधी कुलाब्यात संगणक बांधायला घेतला होता, आणि इन्फोसिसचा जन्म होईपर्यंत संगणकावर पोट असलेला एक नोकरदार वर्ग मुंबई-पुण्यात तयारही झाला होता. त्यांच्या हुद्द्यांची नावं आज कुणाच्या तोंडी नाहीत.

आधी कुलाबा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या हाताखाली काही तरुण मंडळी या कामाला लागली. एकटे नरसिंहन सोडले तर त्यांतल्या कुणी संगणक वापरलेलाही नव्हता. वापरणार कुठे? संगणकशास्त्राची पदवी देशात कुठेच नव्हती, म्हणून भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली माणसं घेतली. १९५६ मध्ये त्यांचं छोटं नमुना-यंत्र चाललं, आणि पूर्ण आकाराचं यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागलं. दोन वर्षांनी पंडित नेहरूंनी त्याचं टिफ्रॅक असं बारसं केलं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते, १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर.

मला त्यातल्या स्मृतीचं जास्त कौतुक वाटतं. फेराइटच्या बारीक कड्या, त्यांच्यातून ओवलेल्या तारा. एका कडीत एकच गोष्ट राहायची, शून्य किंवा एक. एका शब्दाला अशा ४० कड्या आणि सुरुवातीला शब्द १,०२४, म्हणजे एकूण ४०,९६० कड्या. आजच्या हिशेबात हे पाच किलोबाइट होतात. दिवाळीच्या शुभेच्छांचं व्हॉट्सॲपवर येणारं एक चित्रही त्यात मावणार नाही. एवढ्या जागेत शास्त्रज्ञांनी आपली गणितं बसवली, तीही थेट यंत्राच्या भाषेत, कागदी फितीला भोकं पाडून. टिफ्रॅक पुरा होईस्तोवर जग ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. यंत्र म्हणून त्याला उशीर झालाच, पण संगणक आतून कसा असतो हे जाणणारी माणसं त्यानं घडवली, आणि ती मिळवायला दुसरा मार्ग नव्हता.

कचेऱ्यांतली गोष्ट निराळी. १९६१ मध्ये मुंबईत एसो या तेल कंपनीकडे आयबीएम १४०१ बसला. अशा यंत्राच्या आसपास जी नोकऱ्यांची उतरंड उभी राहिली, तिच्या तळाशी पंच ऑपरेटर होता. त्याच्या हाती साडेसात इंचांहून किंचित कमी लांब, सव्वातीन इंच रुंद कार्ड. त्यावर ऐंशी रकाने, प्रत्येक रकान्यात बारा जागा. एका रकान्यात एक अक्षर किंवा एक आकडा. ऑपरेटर समोरच्या चलनावरून कळ दाबणार, यंत्र कार्डाला भोक पाडणार. मग तीच कार्डं आणि तीच चलनं शेजारच्या व्हेरिफायरकडे. त्यानं सगळं पुन्हा टाइप करायचं. दोघांचं जुळलं नाही की यंत्र अडायचं आणि चुकलेल्या रकान्यावर खाच पाडायचं. एकच मजकूर दोन माणसांनी टाइप करायचा हा खर्च कंपन्या मुकाट्याने करत, कारण एक शून्य जास्त पडलं तर चुकीचा पगार थेट छापूनच यायचा.

कार्डांचा गठ्ठा हातातून सुटला तर काय, ही प्रत्येक प्रोग्रॅमरची धास्ती. म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेनानं एक तिरकी रेघ मारून ठेवायची पद्धत होती. रेघ तुटलेली दिसली की कार्ड मागेपुढे झालंय हे समजायचं. फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तर ७३ ते ८० हे रकाने यंत्र वाचतच नसे. तिथे कार्डाचा क्रमांक घालता यायचा.

रकाने मोजकेच, त्यामुळे काटकसर अंगवळणी पडली. १९६८ लिहायला चार रकाने लागतात, ६८ ला दोन. दोन वाचवा. ही सवय कार्डं गेल्यावरही कोबोल या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये तशीच राहिली, आणि तिनंच तीस वर्षांनी आपल्या मुलांना विमानात बसवलं. ते पुढे येईल.

दरम्यान संगणक म्हणजे नोकऱ्या खाणारं भूत, अशी भावना जोरात होती. आयुर्विमा महामंडळाचा संगणक कलकत्त्याच्या इमारतीत येऊ नये म्हणून कर्मचारी रात्रंदिवस पहारा देत होते. ती भीती अडाणीपणाची होती असं आज म्हणतात. मला तसं वाटत नाही. बेकारीच्या दिवसांत कारकुनाची नोकरी म्हणजे अख्ख्या घराचा आधार होता. सरकारनंही प्रश्न हसण्यावारी नेला नाही. ऑटोमेशनवर समिती नेमली, पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते, आणि १९७२ मध्ये तिचा अहवाल आला.

दुसरी अडचण परकीय चलनाची. संगणक आयात करायचा तर डॉलर हवेत, आणि परवाना मागणाऱ्याला निर्यातीतून डॉलर मिळवून देण्याची हमी द्यावी लागे. यंत्र तर आपण निर्यात करू शकत नव्हतो. मग विकायचं काय? प्रोग्रॅम लिहिणारी माणसं. फकिरचंद कोहलींच्या टाटा कन्सल्टन्सीनं बरोज कंपनीशी हात मिळवला, अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातून काम परदेशी जाऊ लागलं. भारतीय सॉफ्टवेअरचा धंदा दूरदृष्टीपेक्षा या परवान्याच्या कटकटीतून जास्त वाढला, असं माझं मत आहे.

पुण्यात नरेंद्र पटनींनी याच सुमाराला वेगळीच वाट काढली. अमेरिकेतले कागद पुण्यात यायचे, इथले टंकलेखक फ्लेक्सोरायटरवर ते टाइप करायचे आणि भोकं पाडलेली कागदी फीत अमेरिकेला परत जायची. आज ज्याला आउटसोर्सिंग म्हणतात, ते पुण्यात टायपिंगच्या बोटांनी सुरू झालं. पुढे पटनी कंप्युटरमधूनच नारायण मूर्ती आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि इन्फोसिस निघाली. १९८३ मध्ये ती बंगळुरूला गेली, याची पुणेकरांना अजून हळहळ आहे.

१९७८ मध्ये परकीय भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्यानं आयबीएम देश सोडून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. यंत्र आहे, बनवणारा गेला, सुटे भाग दुर्मीळ. त्या काळचा देखभाल इंजिनिअर काय जिद्दीचा असेल याची कल्पना करा. दहा वर्षांनी पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था निघाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख. अमेरिका हवा तो महासंगणक देईना, म्हणून बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिप एकमेकींना जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा केला.

सर्वसामान्य घरांत मात्र संगणक बँकेच्या मार्गानं शिरला. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटनांचा करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखाशाखांतून लेजर पोस्टिंग मशिनं बसली. आयुष्यभर जाड वह्या ओढलेल्या कारकुनांनी पन्नाशीला आलेली बोटं कळांवर ठेवली. मग १९९८-९९ मध्ये त्या वाचवलेल्या दोन रकान्यांची वसुली आली. ०० म्हणजे १९०० की २०००, हे यंत्रांना कळेना. जगातल्या बँका आणि विमा कंपन्यांचे लाखो ओळींचे कोबोल प्रोग्रॅम तपासायला माणसं हवी होती आणि अमेरिकेत कोबोल जाणणारे निवृत्त होत होते. इथे घाईनं कोबोलचे क्लास निघाले. स्थापत्य, यंत्र, रसायन, ज्या शाखेचा मिळेल तो इंजिनिअर त्यात बसला. कित्येक मराठी घरांतलं अमेरिकेचं पहिलं तिकीट या कंटाळवाण्या कामानं काढलं.

२००१ पासून एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आला आणि तालुक्याच्या गावीही संगणकाचा क्लास उघडला. सरकारी नोकरांना ती परीक्षा सक्तीची झाली. तिच्यावर विनोद पुष्कळ झाले, पण फाइल उघडून सेव्ह कशी करायची हे महाराष्ट्रातल्या असंख्य माणसांना त्याच क्लासात समजलं.

टिफ्रॅकच्या व्हॉल्व्हची संख्या आपल्याला आज सांगता येते, कारण बांधणाऱ्यांनी ती लिहून ठेवली. पंच रूममध्ये पाळी किती तासांची असे, चुका किती चालत, पहिल्यांदा पडद्यासमोर बसल्यावर बँकेतल्या हेडकॅशियरांना काय वाटलं, हे तसं सापडत नाही. तुमच्या घरात, नात्यात, सोसायटीत अशी माणसं असतील. आता सत्तरीच्या पुढची. एखाद्या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसा, विचारा आणि ते सांगतील ते तारखांसकट उतरवून ठेवा.