यंत्र-मुनीम आणि मालकाची सही

पेढीवरील मुनीम कितीही विश्वासू असला, तरी मोठ्या रकमेच्या हुंडीवर मालकाची सही लागे. हा जुना व्यवहारी नियम आज एका नव्या क्षेत्रात पुन्हा आठवावा लागत आहे.

बिटकॉइन हे क्रिप्टो चलन २००९ साली सुरू झाले. त्याचा हिशेब एका बँकेजवळ नसून जगभरच्या असंख्य संगणकांवर एकच खातेवही ठेवलेली असते. खातेदाराजवळ एक गुप्त संख्या असते. तिला खाजगी किल्ली म्हणतात. या किल्लीने सही केलेला व्यवहार वहीत एकदा पक्का झाला, म्हणजे तो रद्द करणारा कोणी अधिकारी नसतो.

अलीकडे ही किल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाच्या हाती देण्यात येऊ लागली आहे. एजंट भाव पाहतो, सौदा ठरवतो आणि स्वतःच रक्कम पाठवतो. परंतु मालकाची आज्ञा कोणती व परक्याचा मजकूर कोणता, हा भेद त्यास नेहमीच कळतो असे नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फ्रेसा’ नावाच्या एजंटावर याचा जाहीर प्रयोग झाला. आपल्याजवळील निधी कोणासही देऊ नये, अशी त्यास सक्त ताकीद होती. शुल्क भरून कोणीही त्याचे मन वळवून पाहावे, असा डाव होता. ४८१ प्रयत्न फसले. ४८२व्या संदेशात एकाने रक्कम देण्याच्या आज्ञेचा अर्थ ‘रक्कम स्वीकारणे’ असा भासवला, आणि एजंटाने सुमारे ४७,००० डॉलर देऊन टाकले. ताकीद केवळ शब्दांत होती. शब्दांनीच ती मोडली.

तथापि नुसती माणसाची सहीही पुरेशी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या बाजाराच्या अधिकाऱ्यांनी रीतसर सह्या केल्या. पण त्यांच्यासमोरील पडद्यावरचा तपशील चोरांनी बदललेला होता. सुमारे दीड अब्ज डॉलरचे ईथर चलन गेले.

यावरून काही नियम निघतात. एजंटाजवळ थोडीच रक्कम वेगळी ठेवावी. दैनिक मर्यादा व मान्य पत्त्यांची यादी एजंटाला बदलता येणार नाही अशा जागी असावी. मर्यादेपलीकडील प्रत्येक व्यवहार थांबावा, आणि माणसाने पत्ता व रक्कम दुसऱ्या स्वतंत्र उपकरणावर वाचून मगच संमती द्यावी. एजंटाचा अधिकार तत्काळ काढून घेण्याची सोयही हवी.

मुनीम यंत्र असो वा मनुष्य, हुंडी वाचल्यावाचून सही करणाऱ्या मालकाची पेढी सुरक्षित राहत नाही.